अभिप्रायाचा पत्ता

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'नॅक', महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जी प्रश्नावली पाठवते, तिच्यातला पहिला प्रश्न साधारण असा आहे : वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून झाला? उत्तरासाठी पाच पर्याय आहेत. ८५ ते १०० टक्के हा सर्वांत वरचा, ३० टक्क्यांहून कमी हा सर्वांत खालचा. विद्यार्थी एसटीची वाट बघता बघता मोबाइलवर अंगठ्याने एक गोल निवडतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो.

हा प्रश्न नवा नाही. चौदाव्या शतकात इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात तो विचारला जाई आणि उत्तर समाधानकारक नसेल तर प्राध्यापकाला दंड भरावा लागे. सातशे वर्षांत प्रश्न जवळपास तोच राहिला. ज्याच्या हातात उत्तर पडते तो माणूस मात्र दोन-तीनदा बदलला. अलीकडे विद्यार्थ्यांचे अभिप्राय मोबाइल अ‍ॅपवरून घ्यावेत की कागदावर, अ‍ॅपने प्रतिसाद वाढतो की घटतो, अशी चर्चा महाविद्यालयांत बरीच होते. ती करायलाच हवी. पण अभिप्राय कशावर लिहिला यापेक्षा तो कोणाच्या पत्त्यावर गेला, हे पाहिले तर या सगळ्या इतिहासाचा उलगडा अधिक चांगला होतो असे मला वाटते.

बोलोन्याची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तेथे कायदा शिकायला येणारे लोक म्हणजे कोवळी पोरे नव्हती. त्यांतले कित्येक वयाने मोठे होते, काहींकडे चर्चमधली पदे होती, आणि बहुतेक परगावचे, परदेशचे होते. परक्या शहरात घरभाड्यापासून कोर्टकचेरीपर्यंत आपले हित सांभाळण्यासाठी त्यांनी आपला संघ केला. 'उनिवेर्सितास' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी संघ. म्हणजे बोलोन्यात विद्यापीठ याचा अर्थ विद्यार्थ्यांचा संघ होता आणि त्याचा प्रमुख, रेक्टर, हाही विद्यार्थीच असे. प्राध्यापक या संघाबाहेर. त्यांची मिळकत विद्यार्थ्यांनी दिलेल्या शुल्कावर चाले, आणि रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ त्यांना घ्यावी लागे.

त्या संघाचे नियम आज वाचताना प्राध्यापक मित्रांना घाम फुटेल. एक दिवसही रजेशिवाय गैरहजर राहायचे नाही. शहराबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवायची. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत तर त्या दिवशी गैरहजर होता असे धरून दंड. घंटा झाली की सुरू करायचे, पुढची घंटा झाली की एका मिनिटात थांबायचे. भाष्यातले प्रकरण गाळायचे नाही. अवघड शंका 'तासाच्या शेवटी बघू' म्हणून ढकलायची नाही. ग्रंथाचे भाग पाडलेले असत आणि कोणता भाग कोणत्या तारखेपर्यंत संपला पाहिजे हे आधीच ठरलेले असे. मागे पडला तर दंड. हे सगळे नीट चालले आहे का, यावर नजर ठेवून तक्रार करण्यासाठी खास विद्यार्थी नेमलेले असत.

याला 'अभिप्राय' म्हणावे का? मला वाटते म्हणावे, कारण शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याबद्दल दिलेले हे मत होते. मात्र ते विनंतीवजा नव्हते. जो पैसे देतो तो हिशेब मागतो, अशी ती सरळ व्यवस्था होती. आणि मत संघाचे होते; एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला त्यासाठी धैर्य गोळा करावे लागत नव्हते.

पॅरिसला याच्या उलट. तेथे संघ शिक्षकांचा होता, त्यामुळे विद्यार्थ्यांना मत देण्याची अधिकृत वाटच नव्हती. अनधिकृत वाट होती, तिची नोंद १३५५ च्या एका नियमात सापडते. कला शाखेच्या शिक्षकांनी सावकाश, लिहून घेता येईल अशा गतीने सांगत बसू नये, भाषणाच्या ओघात शिकवावे, असा तो नियम. ज्यांना हे मान्य नव्हते ते विद्यार्थी ओरडत, शीळ घालत, गोंगाट करत, दगडसुद्धा फेकत. अशांना वर्षभरासाठी दूर ठेवण्याची तरतूद त्याच नियमात आहे. नोट्स उतरवून घ्यायच्या की समजून घ्यायचे, हा आपल्या वर्गांतला वाद इतका जुना आहे हे पाहून मला गंमत वाटली.

बोलोन्यातली विद्यार्थ्यांची सत्ता कायम टिकली नाही, आणि ती का गेली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शहराने प्राध्यापकांना पगार द्यायला सुरुवात केली. पगार देणारा बदलला, तसा हिशेब मागणाराही बदलला. पुढच्या काही शतकांत युरोपातल्या विद्यापीठांवर राजसत्तेचा, धर्मसत्तेचा, नगरपालिकांचा अंमल येत गेला आणि विद्यार्थी हा परीक्षा घेण्याचा विषय झाला. आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेच मुळी लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. त्यात शिक्षकाची परीक्षा विद्यार्थ्याने घ्यावी, ही कल्पनाच बसत नव्हती. ते काम निकालाचे आकडे आणि तपासनीस करत.

विद्यार्थ्याचे मत पुन्हा मागवले गेले ते विसाव्या शतकात, अमेरिकेत. १९२५ च्या सुमारास हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या 'क्रिम्सन' या दैनिकाने अभ्यासक्रमांबद्दलची एक मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली. कोणता विषय घ्यावा, कोणाचा तास रटाळ, हे नव्या विद्यार्थ्याला जुन्या विद्यार्थ्याने सांगावे, असा तिचा हेतू. तिचा पत्ता म्हणजे दुसरा विद्यार्थी. याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात एडविन गथ्री आणि पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स हे दोन मानसशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने निघाले होते. १९२७ साली प्रसिद्ध झालेली पर्ड्यूची श्रेणीपत्रिका ही आजच्या सगळ्या प्रश्नावल्यांची आजी म्हणायला हरकत नाही. तिच्यात दहा बाबी होत्या. विषयातला रस, विद्यार्थ्यांविषयी आस्था, गुण देण्यातला न्यायीपणा, उदार दृष्टी, विषयाची मांडणी, तारतम्य व विनोदबुद्धी, आत्मविश्वास, विचित्र लकबी, वेशभूषा व दिसणे आणि शेवटी बौद्धिक कुतूहल जागे करण्याची ताकद.

ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात 'अभ्यासक्रम किती झाला' हा प्रश्न नाही. 'किती शिक्षक प्रोजेक्टर वापरतात' हाही नाही, जो नॅकच्या प्रश्नावलीत आहे. दिसण्याबद्दलची आणि लकबींबद्दलची बाब आज कोणी घालणार नाही, घालूही नये. पण विनोदबुद्धी आणि कुतूहल यांना यादीत जागा होती. रेमर्सच्या डोळ्यांपुढे ही पत्रिका वाचणारा शिक्षक होता. शिक्षकाने आपल्या इच्छेने ती वर्गात वाटावी, आपल्याबद्दल काय वाटते ते पाहावे आणि सुधारावे, ही मूळ कल्पना. पुढे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यासह माजी विद्यार्थ्यांची मतेही तपासली. दहा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्यांची मते आणि वर्गात बसलेल्यांची मते बऱ्याच अंशी जुळत होती. 'आज शिव्या देतील, उद्या किंमत कळेल' हे आपण शिक्षक मंडळी स्वतःच्या समाधानासाठी म्हणतो, त्याला ही चांगलीच चपराक आहे.

मग यंत्र आले. रेनल्ड जॉन्सन या मिशिगनमधल्या शाळामास्तराने पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साहाय्याने वाचण्याची युक्ती काढली (शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यावर ती आधारलेली) आणि १९३८ मध्ये आयबीएमने ८०५ क्रमांकाचे यंत्र बाजारात आणले. ते परीक्षांसाठी होते. त्याच्या पुढच्या पिढ्यांतल्या, प्रकाशाने खुणा वाचणाऱ्या यंत्रांनी अभिप्रायाचे काम सोपे केले. हजारो पत्रिका दिवसात मोजता येऊ लागल्या. पण यंत्राला खूण वाचता येते, वाक्य वाचता येत नाही. त्यामुळे ज्याचे उत्तर खुणेत मावते असेच प्रश्न पत्रिकेत उरले. आणि मोजता आलेली गोष्ट तुलनेला सोपी जाते. एका प्राध्यापकाची सरासरी ४.२, दुसऱ्याची ३.८. साठ-सत्तरच्या दशकांत विद्यार्थी आंदोलनांच्या रेट्यामुळे अमेरिकेत अशी मूल्यमापने सर्वत्र पसरली. मागणी विद्यार्थ्यांची होती, आपले ऐकावे अशी. त्यातून निघालेले आकडे मात्र हळूहळू प्राध्यापकाच्या बढतीच्या, नोकरी कायम होण्याच्या कागदपत्रांत जाऊन बसले. पत्ता शिक्षकाच्या टेबलावरून प्रशासनाच्या कपाटाकडे सरकला तो येथे.

या काळातला एक प्रयोग फार गाजला. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित संशोधकांनी मायकेल फॉक्स या नटाला 'डॉक्टर फॉक्स' बनवून तज्ज्ञ श्रोत्यांपुढे उभे केले. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळ-सिद्धान्ताचा उपयोग. नटाला त्यातले काही कळत नव्हते. परस्परविरोधी विधाने, नव्याने घडवलेले शब्द, विनोद आणि उमदे हावभाव, एवढ्या भांडवलावर त्याने भाषण दिले आणि प्रश्नोत्तरेही निभावली. श्रोत्यांनी अभिप्राय उत्तम दिले. १९७३ साली हे प्रसिद्ध झाल्यावर अभिप्रायाच्या विरोधकांना हत्यारच मिळाले. माझ्या मते त्याचा अर्थ जरा जास्तच ताणला गेला. एका तासाच्या पाहुण्या वक्त्याला लोक भुलतात. सहा महिने रोज समोर येणाऱ्या शिक्षकाचे सोंग तितके दिवस टिकत नाही. खरा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो पुढे आला ऑनलाइन वर्गांमुळे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या अभ्यासात एक पुरुष आणि एक स्त्री, अशा दोघा साहाय्यक शिक्षकांनी प्रत्येकी एका गटाला आपल्या नावाने आणि एका गटाला दुसऱ्याच्या नावाने शिकवले. विद्यार्थी अवघे त्रेचाळीस, म्हणजे नमुना लहान. पण गृहपाठ एकाच वेळी परत दिलेले असूनही तत्परतेचे गुण पुरुषी नावाला जास्त पडले, हे विसरता येत नाही. २०१८ मध्ये टोरांटोच्या रायरसन विद्यापीठातल्या वादात लवादाने निर्णय दिला की बढतीसाठी किंवा नोकरी कायम करण्यासाठी अध्यापनाची परिणामकारकता या सरासरींवरून ठरवू नये. विद्यार्थ्यांचे अनुभव जाणून घ्यायला मात्र त्या उपयोगी असल्याचे त्याने मान्य केले. एकाच कागदाची किंमत पत्त्यानुसार बदलते, हेच लवादाने वेगळ्या शब्दांत सांगितले.

इंटरनेट आणि मोबाइलच्या टप्प्यावर दोन गोष्टी घडल्या. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आणि पुढे 'रेट माय प्रोफेसर्स' नावाने प्रसिद्ध झालेल्या संकेतस्थळावर हार्वर्डच्या जुन्या मार्गदर्शिकेचा वारसा चालू राहिला. तेथे प्राध्यापक दिसायला आकर्षक आहे का, हे दाखवणारी लाल मिरची २०१८ पर्यंत होती. पर्ड्यूच्या यादीतले 'दिसणे' असे कित्येक दशकांनी परत आले! दुसरी गोष्ट विद्यापीठांच्या आत घडली. कागद बंद करून ऑनलाइन गेल्यावर खर्च वाचला, पण प्रतिसाद घसरला. डंकन नल्टी यांनी २००८ मध्ये निरनिराळ्या पाहण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा कागदी अभिप्रायाचा सरासरी प्रतिसाद ५६ टक्के आणि ऑनलाइनचा ३३ टक्के निघाला. कारण साधे आहे. कागद वर्गात वाटला जाई, सगळे पाच मिनिटे बसून लिहीत. ईमेल घरी जाऊन उघडायची असते. मोबाइलमुळे वर्गातली ती पाच मिनिटे परत आणता येतात. शिक्षकाने फळ्यावर क्यूआर कोड दाखवायचा, स्वतः बाहेर जायचे, मुलांनी तिथेच भरायचे. अ‍ॅपचा एवढा फायदा निर्विवाद आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या मूल्यमापनाची खुली, सर्वांच्या सहभागाची आणि माहितीवर आधारलेली पद्धत निर्माण करू, असे म्हटले होते. प्रत्यक्षात कागद हलला तो १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाल्यावर. योगायोग असा की त्याच १९९४ सालच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. निवडणुकांतल्या हिंसाचाराची पार्श्वभूमी त्याला होती आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी घ्यावेत ही त्यावरची तोड होती. पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी झाला. २०१६ च्या नव्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ साली त्या घेण्याचे जाहीर झाले आणि विधानसभा निवडणुकांच्या कारणाने पुढे ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला. म्हणजे ज्या काळात आपल्या राज्यात विद्यार्थ्यांचा एकत्र बोलण्याचा मार्ग बंद राहिला, त्याच काळात एकेकट्याने गोल भरण्याचा मार्ग रुंद होत गेला. दोन्ही गोष्टी कोणी मिळून आखल्या असे मी म्हणत नाही. पण बोलोन्याच्या संघाची आठवण ठेवून पाहिले तर हा फरक डोळ्यांत भरतो.

२०१७ मध्ये नॅकने आपली पद्धत बदलली आणि 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' आणले. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे ईमेल पत्ते द्यायचे, नॅक थेट त्यांना प्रश्नावली पाठवणार. प्राचार्यांच्या डोक्यावरून थेट विद्यार्थ्यापर्यंत जाण्याची ही कल्पना चांगली होती. महाविद्यालयांसाठी अट अशी की, एकूण विद्यार्थ्यांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी उत्तरे तरी यावीत. त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले होते. स्वस्त डेटामुळे तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही मोबाइलवर होता. पण तो व्हॉट्सअ‍ॅपवर होता. ईमेल त्याने प्रवेश अर्जापुरती उघडलेली, पुष्कळदा सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेली. पासवर्ड कोणाला आठवतो! मग वर्गाच्या ग्रुपवर सूचना येते : सर्वांनी आजच मेल बघा, फॉर्म भरा, महाविद्यालयाची श्रेणी त्यावर आहे. 'चांगले भरा' हे कोणी लिहीत नाही, तशी गरजही पडत नाही.

नॅकच्या निकषांत याखेरीज महाविद्यालयाने स्वतः घ्यायच्या अभिप्रायाचीही एक शिडी आहे. अभिप्राय घेतलाच नाही ही तळाची पायरी. मग घेतला, मग घेऊन विश्लेषण केले, मग कार्यवाही केली, आणि सर्वांत वर, हे सगळे करून संकेतस्थळावर टाकले. त्यामुळे आज राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ही विश्लेषणे वाचायला मिळतात. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकाची ती मोठी सोय झाली आहे. रंगीत वर्तुळे, त्यांत 'अति उत्तम' चा मोठा तुकडा, खाली 'ग्रंथालयात पुस्तके वाढवावीत अशी सूचना आली, त्यानुसार कार्यवाही केली' असे एखादे वाक्य. बहुतेक ठिकाणी गुगल फॉर्मने आपोआप काढलेली वर्तुळे तशीच चिकटवलेली असतात. कोणता विषय कंटाळवाणा वाटला, कोणत्या घटकापाशी निम्मा वर्ग अडला, हे त्यांत सापडत नाही. ते लिहिलेच गेले नसेल असे नाही, पण शिडीला त्याची जरुरी नाही.

अ‍ॅप आल्यावर यात एक गोष्ट बदलली, ती निनावीपणाची. कागदावर नाव नसले की नाव नसे. अक्षरावरून ओळखले तर ओळखले. अ‍ॅपमध्ये शिरायलाच हजेरी क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक लागतो, ओटीपी येतो. आत गेल्यावर 'तुमचे नाव गोपनीय राहील' असे लिहिलेले असते, आणि ते खरेही असू शकते. पण अंतर्गत गुण ज्या सरांच्या हातात आहेत, तोंडी परीक्षा ज्या मॅडम घेणार आहेत, त्यांच्याबद्दल ओटीपी टाकून खरे लिहायला कोण धजावेल? विशेष स्तरावर मराठी घेणारे सात-आठच विद्यार्थी असतील तर नाव लपवण्यात अर्थही उरत नाही. काही संस्थांत फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट किंवा निकाल उघडत नाही. प्रतिसाद अर्थातच शंभर टक्के येतो. विद्यार्थी सगळीकडे पाचवा गोल दाबत खाली जातो; वीस प्रश्नांना अर्धे मिनिट पुरते.

ज्यांना खरोखर ऐकायचे आहे त्यांनी काय करावे, याचे एक उत्तर संशोधनात जुनेच आहे. पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की सत्र चालू असतानाच, मध्यावर अभिप्राय मिळालेल्या शिक्षकांच्या शिकवण्यात सत्रअखेर थोडी सुधारणा दिसते आणि त्या अभिप्रायावर कोणी जाणत्या सहकाऱ्याने बरोबर बसून चर्चा केली असेल तर ती बरीच वाढते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत 'एक मिनिटाचा कागद' ही रीत रुळली तीही याच जातीची : तास संपताना मुलांनी चिठ्ठीवर लिहायचे, आज काय कळले आणि काय अडले. पुढच्या तासाची सुरुवात त्या चिठ्ठ्यांवरून. हे मोबाइलवर कागदापेक्षा सोपे आहे, नावाविना करता येते आणि खर्च शून्य. काही शिक्षक करतातही, स्वतःपुरते. त्यातली उत्तरे मात्र कुठल्याच अहवालात बसत नाहीत, कारण ती एका वर्गाची, एका दिवसाची आणि एका धड्याबद्दलची असतात.

नॅकच्या प्रश्नावलीत वीस प्रश्नांनंतर एकविसावा आहे. तो गोल भरण्याचा नाही. शिकणे-शिकवणे सुधारावे यासाठी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत तीन निरीक्षणे किंवा सूचना लिहायच्या आहेत. मी पाहिलेल्या महाविद्यालयीन विश्लेषणांत अशा मोकळ्या प्रश्नाखाली बहुतेक वेळा 'नो', 'गुड', 'ऑल इज वेल' असे एकेक शब्द असतात. एका ठिकाणी मात्र कोणीतरी रोमन लिपीतल्या मराठीत लिहिले होते की, सर उदाहरण फळ्यावर सोडवतात तेव्हा मध्ये उभे राहतात, मागच्या बाकांना दिसत नाही. त्या अहवालाच्या 'केलेली कार्यवाही' या रकान्यात त्या वर्षी नवे प्रोजेक्टर घेतल्याची नोंद होती.